जुनी स्पोर्ट्स कार घेताय? गाडी सगळ्यात शेवटी बघा

"टोकन देऊन आलोय, आता जरा गाडी बघून देता का?" असा फोन मला नाशिकच्या कुठल्या ना कुठल्या भागातून नेहमी येतो. टोकन दिल्यावर बघण्यासारखं फार थोडं उरतं. त्या वेळी माणूस गाडी तपासत नसतो, आपला निर्णय बरोबर होता याचे पुरावे गोळा करत असतो.

बहुतेकांचा क्रम असा असतो: फोटो आवडला, गाडी पाहिली, एक चक्कर मारली, इसार दिला, मग कागद मागितले, मग मेकॅनिककडे नेली आणि शेवटी खर्चाचा अंदाज घेतला. साध्या वॅगनआरला हा क्रम चालून जातो, कारण तिचे पार्ट कोपऱ्यावर मिळतात. दहा-वीस वर्षांच्या स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस, लॉरा व्हीआरएस, फियाट लिनिया टी-जेट, फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, मर्सिडीज एसएलके किंवा बीएमडब्ल्यू झेड-४ला तो अजिबात चालत नाही. हा सगळा क्रम उलटा करायचा आहे.

१. आधी वहीत हिशेब

तुमच्याकडे एकूण ८ लाख असतील, तर गाडीची किंमत साडेपाच लाखांच्या वर जाऊ द्यायची नाही. उरलेले अडीच लाख "नंतर बघू"चे नाहीत, ते याच गाडीचे आहेत. त्यातला साधारण निम्मा भाग पहिल्या महिन्यातच जातो: सगळी ऑइलं, कूलंट, फिल्टर, टायमिंग बेल्ट, बॅटरी, गरज असेल तर चार टायर, शिवाय इन्शुरन्स आणि आरटीओ. बाकीचा निम्मा एखाद्या मोठ्या कामासाठी बाजूला ठेवायचा. मोठं काम निघतंच. कधी निघेल एवढाच प्रश्न असतो.

गाडीची किंमत उतरते, पार्टची उतरत नाही, हेच लोकांच्या लक्षात येत नाही. शोरूममधून चाळीस लाखांना निघालेली गाडी आज सात लाखांना मिळाली, तरी तिची ब्रेक डिस्क चाळीस लाखांच्या गाडीचीच असते. सात लाखांची नवी हॅचबॅक आणि सात लाखांची जुनी स्पोर्ट्स कार यांचा खर्च एकाच मापाने मोजाल, तर तिथेच फसाल.

कर्ज काढून अशी गाडी घेऊ नका. आणि ती घरातली एकुलती एक गाडी असू नये. पार्टची वाट बघत महिनाभर गॅरेजमध्ये उभी राहिली, तरी ऑफिस आणि मुलांची शाळा अडायला नको.

२. पार्ट आणि माणूस शोधा

मॉडेल मनात ठरलं की गाडी शोधायच्या आधी पाच वस्तूंचे भाव काढा: पुढच्या ब्रेक डिस्क, क्लच सेट, टर्बो, एक हेडलाइट आणि पुढची काच. दोन ठिकाणी फोन करा आणि भावासोबत "किती दिवसांत मिळेल?" हेही विचारा. पाचपैकी दोन वस्तूंना "मागवावं लागेल, सांगता येत नाही" असं उत्तर आलं, तर बजेट कमी असलेल्या माणसाने ते मॉडेल सोडून द्यावं.

निवड सोपी करणारी एक गोष्ट सांगतो. ज्या वेगवान गाडीचं इंजिन कंपनीच्या साध्या गाड्यांतही होतं, ती घ्या. लॉरा व्हीआरएसचं १.८ टीएसआय इंजिन साध्या लॉरात आणि सुपर्बमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचे पार्ट आणि ते उघडलेले हात दोन्ही सापडतात. अबार्थ पुंटो आणि लिनिया टी-जेट यांचं १.४ टर्बो इंजिन एकाच घराण्याचं. याउलट थोड्याच संख्येने आयात झालेल्या गाडीला साधा इंडिकेटरसुद्धा आठवडे थांबवतो. भारतात फियाटची विक्री कधीच थांबली आणि पोलोही २०२२ मध्ये बंद झाली, त्यामुळे अशा गाड्यांचे बॉडी पार्ट आज काय भावाने आणि कुठून मिळतात याची चौकशी जास्त काटेकोरपणे करा.

नाशिकचं एक सुख आहे. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात चांगले टर्नर, फिटर, वेल्डर आहेत. बुश, ब्रॅकेट, एखादा पाइप इथे नीट बनवून मिळतो. पण गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक युनिट (ऑटोमॅटिक गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग) लेथवर बनत नाही. म्हणून त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर असलेला मेकॅनिक आधी गाठा आणि "तपासणीचे पैसे देतो, माझ्यासोबत चला" असं सांगून ठेवा. फुकट बघायला आलेला माणूस बॉनेट उघडून "इंजिन मस्त आहे" म्हणतो आणि चहा पिऊन जातो.

*पडताळा:* खर्चाचं पान, पाच पार्टचे भाव आणि मेकॅनिकचा होकार. तिन्ही हातात आल्याशिवाय एकाही विक्रेत्याला फोन नको.

३. कागद, घरी बसून

गाडी आवडली की विक्रेत्याकडून फक्त नंबर आणि आरसीचा फोटो मागवा. एम-परिवहन अ‍ॅपवर किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकून नोंदणीची तारीख, कितवा मालक, इंधन, इन्शुरन्स आणि पीयूसीची मुदत, बँकेचा बोजा, ब्लॅकलिस्ट हे बघा. ई-चलनं वेगळी तपासा. वेगवान गाड्यांवर ती हमखास साचलेली असतात.

यातल्या चार गोष्टींत लोक हटकून चुकतात.

*पंधरा वर्षांची रेषा.* खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर आरटीओत पासिंग करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारचं नूतनीकरण शुल्क ५,००० रुपये आणि आयात गाडीचं ४०,००० रुपये आहे. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला हेच आकडे १०,००० आणि ८०,००० झाले. वर पर्यावरण कर वेगळा. चौदा वर्षांची आयात रोडस्टर (उघड्या छपराची दोन सीटची गाडी) "एकदम स्वस्त" का निघाली आहे, याचं उत्तर बऱ्याचदा या आकड्यांत असतं. आरसीवर आयात अशी नोंद आहे का ते बघा आणि असेल तर कस्टमची बिल ऑफ एंट्री मागा.

*परराज्यातली गाडी.* दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिथे जुन्या वाहनांवर निर्बंध आहेत, म्हणून मालक त्या बाहेर काढतात. ती किंमत एमएच-१५ची म्हणजे नाशिकची गाडी धरून तुलना करण्यासारखी नसते. तिला तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ लागतो, महाराष्ट्राचा रोड टॅक्स इथे पुन्हा भरावा लागतो आणि नवा नंबर घ्यावा लागतो. आयात गाडीला हा टॅक्स जास्त असतो. आधी त्याचा आकडा काढा, तो किमतीत मिळवा, मग ती स्वस्त आहे का ते ठरवा.

*बोजा.* कर्ज फिटलं असलं, तरी आरसीवरून बँकेचं नाव उतरलेलं नसतं. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हे विक्रेत्याचं काम आहे. "तुमच्या नावावर करताना एकदमच उतरवू" याला हो म्हणू नका.

*बदल.* रंग बदलला, इंजिन बदललं, तर आरसीवर नोंद हवी. कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. मोठा आवाज करणारा सायलेन्सर असेल, तर जुना मूळ सायलेन्सर सोबत मिळणार का ते विचारा. नाहीतर तो विकत घ्यायचा खर्चही तुमच्या वहीत येईल.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवली आहे का तेही बघून घ्या. ती नसेल तर आरटीओतली कामं अडतात.

इशारा: आरसीवर तिसऱ्याच माणसाचं नाव आहे आणि समोरचा म्हणतोय "सही करून दिलेले फॉर्म आहेत माझ्याकडे", तर ती गाडी तिथेच सोडा.

४. थंड इंजिन

आता पहिल्यांदा गाडी बघायला जा. सकाळी आणि कोरड्या दिवशी. आदल्या दिवशी सांगा, "मी आल्याशिवाय गाडी सुरू करू नका." पोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं, तर विक्रेत्याने काहीतरी लपवण्यासाठी ती आधीच चालवली असू शकते. शांतपणे दुसऱ्या दिवसाची वेळ मागा.

सुरू करण्याआधी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा. पातळी तळाला असेल आणि समोरचा सहज म्हणाला, "जरा ऑइल टाकावं लागतं मधून मधून", तर ते वाक्य वहीत लिहा. १.८ टीएसआयच्या सुरुवातीच्या पिढ्यांत ऑइल पिणं आणि टायमिंग चेन ताणून धरणारा टेन्शनर ही जगभर ओळखीची दुखणी आहेत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय आहे का, कूलंटवर तेलाचा तवंग आहे का, तेही बघा. कूलंटचं झाकण इंजिन थंड असतानाच उघडायचं. गरम असताना उघडाल तर हात भाजेल.

मग मेकॅनिकला बॉनेटपाशी उभं करा, तुम्ही सायलेन्सरपाशी थांबा आणि किल्ली विक्रेत्याला फिरवू द्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत साखळी हलवल्यासारखा खळखळाट झाला, तर चेन आणि टेन्शनरचा खर्च धरा. धुराचा रंग बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय. सकाळी थोडी वाफ येणं नेहमीचं आहे, पण इंजिन तापल्यावरही पांढरा धूर चालू राहिला, तर हेड गॅस्केटची शंका घ्या. चार मिनिटं आयडलवर ठेवून एकदम ॲक्सिलरेटर दाबला की निळा लोट येतो का, हेही बघा. व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बोचा सील तिथे बोलतो.

यानंतर स्कॅनर. सगळे फक्त एरर कोड बघतात आणि "काहीच नाही, साफ आहे" म्हणून खूश होतात. तुम्ही मेकॅनिकला "रेडीनेस" बघायला सांगा. कालच कोड पुसले असतील, तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपूर्ण दिसतात. कोड नाहीत आणि चाचण्याही पूर्ण नाहीत, याचा अर्थ कोणीतरी नुकताच स्कॅनर लावला किंवा बॅटरी काढली असावी. इंजिन, गिअरबॉक्स आणि एबीएसच्या युनिटांत नोंदलेलं किलोमीटर डॅशबोर्डच्या मीटरशी जुळतं का तेही काही गाड्यांत स्कॅनरवर दिसतं. मागे केलेला मीटर असा सापडतो.

मेकॅनिक तयार असेल तर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाची मोजणी, करून घ्याच. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. एखादा दहा-पंधरा टक्क्यांहून खाली गेला, तर इंजिन उघडायचा खर्च धरून बोला.

टायमिंग बेल्ट असलेल्या इंजिनांत (पहिल्या ऑक्टाव्हिया व्हीआरएसचं १.८ टर्बो, फियाटचं टी-जेट) "गाडी फक्त चाळीस हजारच चाललीय" हे उत्तर पुरेसं नाही. रबर किलोमीटरबरोबर वर्षांनीही म्हातारं होतं. बिल नसेल, तर बेल्ट बदललेला नाही असंच समजायचं. तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि स्वस्तात घेतलेली गाडी त्या एका क्षणात महाग होते.

आजकाल पेट्रोलचा प्रश्नही आहे. पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. रबरी पेट्रोल पाइप, ओ-रिंग, पंप यांपैकी काय बदललं आहे ते विचारा. बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला, तर चाचणी तिथेच थांबवा.

५. पत्रा आणि पाणी

उन्हात गाडीच्या कडेला गुडघ्यावर बसा आणि पत्र्यावरून नजर फिरवा. दारांच्या फटी सारख्या आहेत का, रंगाच्या छटेत फरक आहे का ते बघा. रंगाची जाडी मोजायचं मीटर डेंटर-पेंटरकडे मिळालं तर आणा. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो, तीनशेच्या वर गेला की खाली लांबी (पुट्टी) भरलेली असते. एका दाराला लांबी असली, तर त्यावर भाव तुटतो. छताचे खांब, पुढची चेसिस, बूटचा तळ इथे जोड दिसले, तर भाव करू नका, निघा.

पाण्याची तपासणी मात्र सवडीने करा, इथेच मी फसलो होतो. फेब्रुवारीत गाडी घेतली. सगळं झकास होतं. जूनमध्ये इगतपुरीच्या पहिल्या मोठ्या पावसात सनरूफच्या नळ्या तुंबलेल्या निघाल्या, पाणी खांबांतून उतरून गालिच्याखाली साचलं आणि सीटखालचं कंट्रोल युनिट गेलं. कोरड्या महिन्यात घेतलेल्या गाडीने हे दाखवलंच नव्हतं, आणि मीही गालिचा उचलून बघितला नव्हता.

म्हणून सनरूफच्या कोपऱ्यांत बाटलीने पाणी ओता आणि ते चाकामागून खाली पडतंय का बघा. गालिचा उचलून खालच्या फोमला हात लावा. उघडं छप्पर असलेली गाडी असेल, तर ते पूर्ण उघडून-मिटून दोनदा बघा. एकदा चालणं पुरेसं नाही, हायड्रॉलिकची गळती दुसऱ्या वेळी दिसते.

पुरात बुडालेली गाडी वेगळी ओळखावी लागते. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाशी पाणी आलं की गोदाघाटावरच्या गाड्या हलवायची धावपळ आपण दर काही वर्षांनी बघतो, आणि प्रत्येक गाडी वेळेत हलत नाही. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, त्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, स्टेअरिंगच्या खांबाचा तळ, स्पेअर व्हीलचा खड्डा इथला गंज बघा. आतून कडक सुगंध मारलेला असेल, तर खिडक्या बंद करून गाडी दहा मिनिटं उन्हात ठेवा आणि मग आत बसा.

इशारा: बुडालेल्या गाडीला कुठल्याही भावात हो म्हणू नका. तिच्या वायरिंगचं काम वर्षानुवर्षं संपत नाही.

६. लिफ्टवर

जॅकवर भागत नाही, लिफ्टच हवी. या कमी उंचीच्या गाड्यांनी आपल्या कॉलनीतल्या स्पीडब्रेकरवर पोट घासलेलं असतं. ऑइल संप (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं), सायलेन्सरचे जोड, पुढची सबफ्रेम यांवरचे ओरखडे बघा. लोअर आर्मचे बुश फाटलेत का, शॉकअप गळतायत का, ड्राइव्हशाफ्टचे रबरी बूट फुटलेत का, हे मेकॅनिक पाच मिनिटांत सांगतो. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून बघा.

टायर गोटा झालेत का हे सगळेच बघतात, पण टायरचं वय बघायचं राहून जातं. बाजूवर चार आकडे असतात. २३१४ म्हणजे २०१४च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. खाचा भरपूर असल्या तरी इतक्या जुन्या टायरवर ही गाडी पळवायची नाही. चार टायर चार कंपन्यांचे असतील, तर आधीच्या मालकाने बाकीच्या गोष्टींवर किती खर्च केला असेल याचाही अंदाज येतो.

७. रस्त्यावर

कॉलेज रोडवरची दहा मिनिटांची चक्कर म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नव्हे. किमान तासभर हवा आणि तिन्ही तऱ्हेचे रस्ते हवेत. इन्शुरन्स चालू असल्याची खात्री करूनच स्टेअरिंग हातात घ्या.

सुरुवात संध्याकाळच्या गर्दीत, मुंबई नाका ते द्वारका. ऑटोमॅटिक गाडीची परीक्षा या रखडपट्टीत होते. सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजीचं (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं) दुखणं रिकाम्या रस्त्यावर लपतं आणि इथे उघडं पडतं: पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर, निघताना धक्का, डॅशबोर्डवर गिअरचं चिन्ह लुकलुकणं. एखाद्या चढावर रिव्हर्सही घेऊन बघा. सिग्नलला एसी चालू ठेवून काट्यावर नजर ठेवा. पंखा सुरू होऊन तापमान स्थिर राहिलं पाहिजे.

मग पुणे रोडने सिन्नरकडे मोहदरी घाटापर्यंत. चढावर वरच्या गिअरमध्ये कमी वेगाला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम चढतोय पण वेग वाढत नाही, तर क्लच प्लेट संपली. उतारावर ब्रेक धरताना स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क वाकड्या आहेत. गाणी बंद ठेवा, विक्रेत्याच्या गप्पाही. खराब पॅचवर मुद्दाम हळू चालवा आणि पुढून टकटक येते का ऐका.

सुसाट पळवून बघण्याची गरज नाही. वेगाने ही गाडी सगळ्यांनाच खूश करते, त्या सुखात दोष ऐकू येत नाहीत.

*पडताळा:* परत आल्यावर इंजिन दहा मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू करा. गरम असताना सुरू व्हायला वेळ लागला तर तेही लिहा. जमिनीवर थेंब पडलेत का बघा.

८. भाव आणि इसार

घरी या. त्या दिवशी भाव बोलू नका. वहीतल्या प्रत्येक कामापुढे रक्कम लिहा, बेरीज करा आणि दुसऱ्या दिवशी तो कागद विक्रेत्यासमोर ठेवा. "थोडं कमी करा" म्हटलं की पाच हजार सुटतात. "बेल्ट, लोअर आर्म, दोन टायर, हे बघा भाव" म्हटलं की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं. चांगला मालक यावर चिडत नाही, उलट त्याच्या फायलीतली बिलं काढून दाखवतो. बिलांची जाड फाइल असलेल्या दीड लाख किलोमीटरच्या गाडीला मी बिनबिलाच्या पन्नास हजार किलोमीटरवाल्या गाडीपेक्षा जास्त पैसे देईन.

इसार बँकेतून द्या, रोख नको. पावतीवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, आणि "बोजा, चलन किंवा कागदांत अडचण निघाल्यास इसार परत" हे वाक्य लिहून सही घ्या. उरलेली रक्कम मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, मूळ आरसी आणि दोन्ही किल्ल्या एकत्र हातात आल्यावरच. दुसरी किल्ली "घरी कुठेतरी असेल" म्हणाले, तर नव्या किल्लीचा खर्च कमी करून घ्या. या गाड्यांत ती महाग पडते.

९. नावावर करा, मग चालवा

दुसऱ्याच आठवड्यात पेठ रोडच्या आरटीओचं काम मार्गी लावा. इन्शुरन्स चौदा दिवसांच्या आत तुमच्या नावावर व्हायला हवा. विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्यासोबत जातो. पाच वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत) विमा कंपनी आणि तुमच्यात बोलून ठरते, तेव्हा ती फार खाली घालून हप्ता वाचवू नका.

आणि नावावर होईपर्यंतच्या दिवसांत गाडी गॅरेजमध्ये द्या. बेल्ट, सगळी ऑइलं, कूलंट, ब्रेक ऑइल, पेट्रोलचे पाइप आणि वहीतली बाकीची कामं एकाच वेळी उरकून घ्या, पहिली लाँग ड्राइव्ह त्यानंतर. त्याआधी कसाऱ्याला किंवा समृद्धीवर "फक्त एकदा बघून येतो" म्हणून जाऊ नका. काम झाल्यावर पहिले हजार किलोमीटर दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, डिपस्टिक आणि कूलंट बघा आणि त्याच वहीत तारखेसह लिहा. तिसऱ्या-चौथ्या रविवारी ऑइल किती उतरलं ते कळेल आणि बाजूला ठेवलेल्या पैशांना कधी हात लावावा लागेल, त्याचा अंदाज तिथून लागेल.